कळणं आणि शिकणं : रेबीजच्या निमित्ताने

शरीराला काही ‘कळतं’ असं म्हणताना आपल्या मनात मेंदू आणि मज्जातंतू असतात. पण कळणारी आणि आठवण ठेवणारी आणखी एक यंत्रणा शरीरात आहे, ती म्हणजे रोगप्रतिकार यंत्रणा. दोघींचा वेग मात्र फार वेगळा. पायाला कुत्रा चावला, की क्षणात मेंदूला कळतं. प्रतिकार यंत्रणेचं तसं नाही. नवा विषाणू आला, की त्याला ओळखणाऱ्या मोजक्या पेशी आधी सापडायला हव्यात, त्या वाढायला हव्यात, मग प्रतिपिंडं तयार होणार. यात आठवडा-दोन आठवडे जातात.

रेबीजचा विषाणू नेमका या दोघींच्या मधून वाट काढतो. चाव्यातून तो स्नायूत जातो आणि तिथून मज्जातंतूत शिरतो. रक्तात तो फारसा येत नाही, त्यामुळे प्रतिकार यंत्रणेला त्याचा पत्ता वेळेवर लागत नाही. मज्जातंतूच्या आतून तो सावकाश मेंदूकडे सरकत राहतो. लक्षणं दिसायला बहुधा एक ते तीन महिने लागतात, कधी आठवडाभर, कधी वर्षही. आणि एकदा लक्षणं दिसली, की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

पण या सावकाशीतच आपली सुटका आहे. 6 जुलै 1885 रोजी लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली नऊ वर्षांच्या योझेफ माइस्टरला लस टोचायला सुरुवात झाली, ती कुत्रा चावल्यानंतर. मुलगा वाचला. विषाणू मेंदूत पोचण्याआधी शरीराला त्याची ओळख करून द्यायची, एवढंच या लशीचं तत्त्व. शरीर शिकेपर्यंतच्या दिवसांसाठी जखमेतच तयार प्रतिपिंडं टोचतात, तेच इम्युनोग्लोब्युलिन.

आपल्याकडे ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ ही धास्ती अजून आहे. ती जुनी लस डेव्हिड सेंपल यांनी कसौलीला विकसित केली होती. ती मेंढीच्या मेंदूपासून बनायची. त्यामुळे काही थोड्या रुग्णांत प्रतिकार यंत्रणा विषाणूबरोबर स्वतःच्याच मज्जातंतूंच्या आवरणावर हल्ला करायची, पक्षाघातही व्हायचा. आपलं कोणतं आणि परकं कोणतं, हा प्रश्न तत्त्वज्ञानातच पडतो असं नाही. शरीरालाही तो सोडवावा लागतो, आणि उत्तर चुकलं तर अवयव निकामी होतात. आता ती लस वापरात नाही. आजच्या लशी पेशींच्या संवर्धनातून बनतात आणि दंडात किंवा त्वचेत टोचतात.

तेव्हा कुत्रा चावला, नखांचा ओरखडा जरी उठला, तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही भरू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि ठरलेले सगळे डोस पुरे करा. जखम दुखायची थांबली, म्हणून धोका टळला असं समजू नका. दुखणं थांबलं याचा अर्थ मज्जातंतूंचं सांगून झालं एवढाच. प्रतिकार यंत्रणेला अजून शिकायचं असतं, आणि ते तिला वेळेत शिकवणं आपल्या हातात असतं.