घरी राहून महाविद्यालय : साहित्यातील स्त्रीचा अभ्यास

महाविद्यालयाचे दार एकदा मिटले की ते पुन्हा उघडत नाही, अशी आपल्याकडील बहुतेक गृहिणींची समजूत असते. लग्न, मुले, यजमानांच्या बदल्या या क्रमात शिक्षण मागे पडते. पुढे मुले मोठी झाली आणि दुपार थोडी मोकळी मिळू लागली, तरी या वयात वर्गात जाऊन बसावयाचे कसे, हा संकोच आड येतो. अशा भगिनींसाठी आता ऑनलाइन अभ्यासक्रमांची सोय झालेली आहे. त्यांतही ‘साहित्यातील स्त्री’ हा विषय घरसंसार केलेल्या बाईने अवश्य घ्यावा, असे आम्हांस वाटते. त्याचे कारण पुढे येईलच.

भारत सरकारने ९ जुलै २०१७ रोजी ‘स्वयं’ ही योजना सुरू केली. तिच्यातील अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात. प्रमाणपत्र हवे असेल तर मात्र परीक्षेचे शुल्क भरावे लागते. साहित्याचे पुष्कळसे अभ्यासक्रम आठ किंवा बारा आठवड्यांचे असतात. अध्यापकांची व्याख्याने मोबाइलवर केव्हाही ऐकता येतात. त्यांच्या जोडीला वाचनाचे साहित्य, स्वाध्याय आणि शंका विचारण्याची सोय असते. भाजी निवडता निवडता व्याख्यान ऐकता येते हे खरे. पण टिपणे काढण्यासाठी हात मोकळे लागतात, हे पहिल्याच आठवड्यात ध्यानात येते.

या विषयाला दोन अंगे आहेत. पुरुषांनी लिहिलेल्या साहित्यात स्त्री कशी रंगविली गेली, हे एक. आणि स्त्रीने स्वतः लेखणी धरली तेव्हा तिने काय लिहिले, हे दुसरे. पहिल्या अंगाची चर्चा आपल्या वाचनात थोडीफार येऊन गेलेली असते. खरी गोडी दुसऱ्यात आहे.

येथे व्हर्जिनिया वुल्फ या इंग्रज लेखिकेचे नाव हमखास निघते. १९२८ साली केंब्रिजमधील मुलींच्या दोन महाविद्यालयांत ‘स्त्रिया आणि कादंबरी’ या विषयावर तिने व्याख्याने दिली आणि त्यांवरून पुढल्या वर्षी एक छोटे पुस्तक सिद्ध केले. लिहू इच्छिणाऱ्या बाईला स्वतःचे उत्पन्न हवे आणि स्वतःची खोली हवी, हे त्यातील म्हणणे. त्याच पुस्तकात सोबत पुरुष प्राध्यापक किंवा शिफारसपत्र नाही म्हणून ग्रंथालयाच्या दारातून परत पाठविल्या गेलेल्या बाईचा प्रसंग आहे. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ साली. आज त्या दाराशी अडविणारा कोणी उरलेला नाही. खोलीचा प्रश्न मात्र दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात राहणाऱ्या आपल्या भगिनीला निराळा सांगावयास नको.

खोली नसतानाही आपल्याकडील स्त्रिया लिहीतच होत्या. सूझी थारू आणि के. ललिता यांनी १९९१ व १९९३ साली दोन खंडांत भारतीय स्त्रियांचे लेखन एकत्र केले. त्याचा आरंभ ‘थेरीगाथे’तील बौद्ध भिक्षुणींच्या पाली गाथांनी होतो. त्यांतील मुत्ता नावाची थेरी उखळ, मुसळ आणि नवरा या तिन्हींतून आपण सुटलो म्हणून आनंद व्यक्त करते! बंगालमधील राससुंदरी देवींची कथा तर मनाला चटका लावणारी आहे. बाईने वाचणे निंद्य समजले जाई त्या काळात त्यांनी ‘चैतन्य भागवता’चे एक पान पोथीतून काढून स्वयंपाकघरात लपविले आणि चोरून अक्षरे ओळखत त्या वाचावयास शिकल्या. पुढे त्यांनी स्वतःचे आत्मचरित्र लिहिले.

मराठी वाचकाला विशेष जवळची वाटेल ती बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’. सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला अर्भकाच्या हत्येबद्दल १८८१ साली फाशीची शिक्षा झाली. ती पुढे सौम्य करण्यात आली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर आगपाखड झाली, तेव्हा ताराबाईंनी १८८२ साली हे सडेतोड उत्तर छापले. जोतीराव फुले यांनी त्यांची बाजू घेतली. इतरांनी टीकाच केली. ताराबाईंनी पुढे दुसरे पुस्तक प्रसिद्ध केले नाही. त्यांचे हे पुस्तकही विस्मृतीत गेले, ते स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा प्रकाशात आणले. जवळजवळ शंभर वर्षे एवढे तेज झाकलेले राहिले, याची हळहळ वाटते.

आता गंमत अशी, की इंग्रजी माध्यमाच्या अभ्यासक्रमात या ताराबाई भेटतात त्या बहुधा इंग्रजी भाषांतरातून. मूळ मराठीतला माजघरातला ठसका, टोमणे आणि रागाचा कढ भाषांतरात कितीसा उतरणार? तो आपल्या वाचकभगिनीला आपोआप कळतो. म्हणून इंदूर असो, बडोदे असो वा बेळगाव, तिने मूळ पुस्तक मिळवून शेजारी ठेवावे. तसेच लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ही ठेवावीत, लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या बाईचा तो ग्रंथ आहे. जात्यावरची ओवी जिने ऐकली आहे, एकत्र कुटुंबात जिने दिवस काढले आहेत, तिला या अभ्यासात वीस वर्षांच्या विद्यार्थिनीपेक्षा अधिक दिसते. संसारात गेलेली वर्षे येथे वाया गेलेली नसतात.

अडचणी आहेतच. इंग्रजी व्याख्यानांचा वेग आरंभी झेपत नाही. ती थांबवून पुन्हा ऐकावीत. स्वाध्यायांत अनेकदा चार पर्यायांतून एक निवडावयाचा असतो. साहित्याची पारख अशा खुणांनी होते असे आम्ही मानीत नाही. यास्तव दर आठवड्याला एखाद्या पुस्तकावर दोन पाने आपल्या मराठीत लिहून काढावीत. सर्वांत मोठी अडचण वेळेची. परीक्षा जवळ आली म्हणून मुलाला घरातले काम कोणी सांगत नाही. आईच्या परीक्षेला ही सवलत मिळावी, हे घरातील मंडळींना आधीच स्पष्ट सांगून ठेवावे. दिवसाचा एक तास ठरवावा आणि त्या तासाचा चहा दुसऱ्या कोणी करावा.

नावनोंदणीपूर्वी पहिले व्याख्यान ऐकून पाहावे. अपुरी पदवी पुरी करावयाची असल्यास या अभ्यासक्रमाचे श्रेयांक आपले विद्यापीठ मान्य करते काय, याची चौकशी तेथेच करावी. प्रमाणपत्राची अंतिम परीक्षा सामान्यतः नेमून दिलेल्या केंद्रावर जाऊन द्यावी लागते. तेव्हा केंद्र कोणत्या गावी आहे आणि त्या दिवशी घरी कोण राहील, हे शुल्क भरण्यापूर्वीच ठरवून ठेवावे.