परसबागेचे रक्षण आणि अहिंसेचा विवेक

परस म्हणजे घरामागची मोकळी जागा. आपल्यातील असंख्य कुटुंबांच्या वाट्याला जमीन म्हणून पिढ्यान्‌पिढ्या आली ती एवढीच. मुंबई इलाख्यातील महारवतने गावकीच्या राबणुकीशी बांधलेली होती. त्या कायद्यात बदल व्हावा म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये विधिमंडळात विधेयक मांडले. पुढे १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी जमिनीसाठी सत्याग्रह केले, तुरुंग भरले. हा इतिहास वर्गात शिकवताना आम्हांला नेहमी वाटते, की ज्यांच्या आजोबांच्या नावे सातबारा नव्हता, त्यांच्या नातवंडांना दहा हात जमिनीचेही मोल कळले पाहिजे. वसतिगृहामागील भाजीचे वाफे हा त्याच धड्याचा पुढचा भाग होय.

मात्र अलीकडे माजी विद्यार्थी भेटतात तेव्हा एक तक्रार हमखास ऐकू येते. "सर, भाजी लावायची हौस आहे, पण पाऊस काही ठेवत नाही, आणि पावसाने ठेवले ते वानरे ठेवत नाहीत." तक्रार खरी आहे. तिच्या पहिल्या भागाचे उत्तर तंत्रात आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर तंत्रात आहे, तसेच शीलातही आहे. दोहोंचा विचार येथे क्रमाने करू.

मृग लागला की पाऊस येणार, हे आता गृहीत धरता येत नाही. येतो तेव्हा आठवड्याचा पाऊस एका दिवसात कोसळतो आणि मग दोन-तीन आठवडे दडी मारतो. हिवाळा सरता सरता गारांचे भय असते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट आपल्या विदर्भात अनेकांच्या स्मरणात असेल. अशा काळात वाफा कसा बांधला आहे, यावर निम्मे यश ठरते. आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते. त्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि रोप उभ्याउभ्या मान टाकते. म्हणून पावसाळ्यात मीटरभर रुंद आणि वीतभर उंच गादीवाफा करावा व दोन वाफ्यांमधून पाणी वाहून जाण्यास चर ठेवावा. उन्हाळ्यात याच्या उलट करावे. तेव्हा वाफा जमिनीपेक्षा थोडा खोल ठेवला, तर दिलेले पाणी मुळांपाशी टिकते.

दुसरा उपाय आच्छादनाचा. झाडांखालचा पालापाचोळा, सोयाबीनचे कुटार, धानाची तणस, जे मिळेल त्याचा चार बोटे जाड थर रोपांभोवती पसरावा. पावसाने ओढ दिली तरी ओल टिकते, काळ्या मातीला भेगा पडत नाहीत आणि जोराच्या सरीने माती पानांवर उडून रोग पसरत नाही. पाऊस सतत लागून राहिला, तर मात्र हा थर खोडापासून जरा दूर सारावा. आमच्या शाळेत पूर्वी पालापाचोळा गोळा करून पेटवून देण्याची पद्धत होती. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात, ज्यात जीव आहेत असा भुसा जाळू नये, अशी आज्ञा आहे. तो लेख शिकवत असतानाच खिडकीतून धूर दिसला, तेव्हा आमची आम्हांलाच लाज वाटली. त्या दिवसापासून पाचोळा वाफ्यांवर जाऊ लागला.

तिसरा उपाय जोखीम विभागण्याचा, आणि तो आम्ही ठेच लागून शिकलो. एका वर्षी टोमॅटोची चाळीस रोपे एकाच दिवशी लावली. त्या रात्रीच्या पावसाने सारी आडवी झाली. मुले पुन्हा बी टाकायला धावली, तर डबीत बी उरलेलेच नव्हते. तेव्हापासून नियम केला: एक तृतीयांश बी हाती राखून ठेवायचे. मेथी, पालक, कोथिंबीर दहा-बारा दिवसांच्या अंतराने तीन हप्त्यांत पेरायची. एक हप्ता गेला तरी दोन उरतात. मेथी महिन्याभरात हाती येते, त्यामुळे नुकसान लवकर भरून निघते. वांगी, टोमॅटो, मिरची यांची रोपे पडवीत, छिद्रे पाडलेल्या जुन्या डब्यांत वाढवावीत आणि चार-पाच आठवड्यांची झाल्यावर, शक्यतो सायंकाळी, वाफ्यात लावावीत. बांबूच्या कमानींवर हिरवी जाळी टाकली, तर ती उन्हाळ्यात सावली देते आणि लहान गारांचा मारही बराचसा झेलते.

आता प्राण्यांकडे वळू. गुरे व शेळ्या यांना काटेरी कुंपण पुरते. करवंद, सागरगोटा, घायपात यांचे जिवंत कुंपण एकदा धरले की वर्षानुवर्षे टिकते. घूस जमिनीखालून येते, म्हणून बारीक तारेची जाळी हातभर खोल पुरून तिचे टोक बाहेरच्या बाजूस वळवावे. पोपट आणि मैना फळांवर येतात. अशोकाच्या त्याच स्तंभलेखातील अवध्य प्राण्यांच्या यादीत ही दोन नावे सर्वांत आधी आहेत, हे मुलांना सांगितले की त्यांच्या हातातील गलोल आपोआप खाली येते. मग तीच मुले फळांना जुन्या कापडाच्या पिशव्या बांधतात.

वानरांचा प्रश्न सर्वांत कठीण, कारण ती शिकतात. बुजगावण्याला ती चार दिवस भितात, पाचव्या दिवशी त्याच्याच खांद्यावर बसतात. म्हणून त्याची जागा आणि कपडे सतत बदलावे लागतात. नुसत्या कुंपणाचा उपयोग नाही, वाफ्यावर वरूनही जाळी हवी. ती ताणून न बांधता सैल सोडावी, सैल जाळीवर त्यांचा पाय ठरत नाही. काकडी, शेंगा, टोमॅटो घराजवळ लावावेत. मिरची, कारली, हळद, आले, अळू यांना वानरे सहसा तोंड लावत नाहीत. ती बाहेरच्या कडेला असावीत. टोमॅटोवर लाली चढू लागताच तो तोडून घरात पिकवावा. स्वयंपाकघरातील खरकटे उघड्यावर टाकू नये आणि कौतुकाने वानरांना पोळी देऊ नये. आज दिलेली पोळी उद्या वाफा उपटायला बोलावते.

एवढे करूनही नुकसान होते, आणि मग कोणीतरी सुचवते: विष ठेवा, तारेत वीज सोडा. येथे थांबले पाहिजे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्यप्राण्यांना असे मारणे गुन्हा आहे. शिवाय विजेची तार रानडुक्कर आणि रात्री चुकून आलेले लेकरू यांत भेद करत नाही. विष खाल्लेली घूस घुबडाने खाल्ली, तर घुबडही मरते, आणि मग घुशींना धाक उरत नाही.

कायद्याच्याही पलीकडे एक प्रश्न राहतो. मुले विचारतात, "मग अळी मारलेली चालते का? पंचशीलातील पहिले शील काय सांगते?" या प्रश्नाला टाळू नये. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी तत्त्व आणि नियम यांतील फरक स्पष्ट केला आहे. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व त्याला विचार करण्याची मोकळीक देते. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे ते दाखवतात. ही कसोटी परसबागेत रोज लागते. जाळीने काम भागत असेल, तर विषाची गरज नाही, उरते ती इच्छाच. अळीसाठीही प्रथम हाताने वेचणे, मग निंबोळी अर्क: ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, किंचित साबण मिसळून सायंकाळी फवारावी. ती मुख्यतः किडीचे खाणे आणि वाढ थांबवते. काही जीव तरीही मरतात, हे मुलांपासून लपवू नये. गरजेपुरतेच करणे आणि त्याची जाणीव ठेवणे, एवढे आपल्या हाती आहे.

पूर्वजांना गावाने कुंपणाबाहेर ठेवले होते. आज आपल्या हाती कुंपण आहे, तेव्हा ते कसे बांधावे हे आपल्याला इतरांहून अधिक कळायला हवे. ते पिकाच्या रक्षणासाठी असावे, कुणाच्या जिवावर उठण्यासाठी नव्हे.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. यंदा परसात, अंगणात वा गच्चीवर एक तरी वाफा करा. त्यातील दोन-चार उत्तम फळे न तोडता बियांसाठी राखा, आणि पुढील मेळाव्याला येताना गावरान वाणाचे मूठभर बी सोबत आणा. शाळेच्या डबीत ते जपून ठेवले जाईल. एखाद्या रात्रीच्या पावसानंतर ते कोणत्या तरी मुलाच्या हाती लागेल.