लाल विंचवाचा दंश आणि वेळेत मिळणारी गोळी

बालाघाटच्या डोंगररांगांतील वाशी तालुक्यात बांधावरचे दगडगोटे आणि जुन्या भिंतींच्या फटी ही विंचवाची नेहमीची आश्रयस्थाने असून, मोठ्या काळ्या विंचवाची धास्ती सर्वांना वाटत असली, तरी जिवावर बेततो तो प्रामुख्याने लहानखुरा लाल विंचू. त्याचे विष मज्जातंतूंमधील सोडियमच्या वाहिका, म्हणजे संदेशवहनाची सूक्ष्म द्वारे, नीट मिटू देत नाही. परिणामी ॲड्रेनलिनसारखी द्रव्ये रक्तात लोटली जातात, रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावरील भार वाढत जातो आणि अखेर फुप्फुसांत पाणी साचून श्वास कोंडतो.

हा घटनाक्रम रुग्णांच्या खाटेशेजारी बसून उलगडला तो डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी. रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पुढे महाडला काम करताना त्यांनी धोक्याची पूर्वलक्षणे नोंदवली व ती १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. दंशाच्या जागी असह्य ठणका असूनही बाकी प्रकृती ठीक असलेला रुग्ण सहसा बरा होतो. मात्र उलट्या, दरदरून घाम आणि गार पडलेले हातपाय दिसू लागले, की हृदयावर संकट येऊ घातल्याचे ओळखावे लागते. उच्च रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा रक्तवाहिन्यांवरील परिणाम रोखते, म्हणून त्यांनी ते वापरले आणि गंभीर रुग्णांतील सुमारे ३० टक्के मृत्युप्रमाण १ टक्क्याच्या आसपास आले.

त्यानंतरचा प्रश्न प्रतिविषाचा, म्हणजे विष निष्प्रभ करणाऱ्या प्रतिपिंडांच्या इंजेक्शनचा होता. महाडच्या ७० रुग्णांची चिठ्ठीपद्धतीने दोन गटांत विभागणी करून केलेली चाचणी २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. केवळ प्राझोसिन घेणाऱ्यांना बरे होण्यास सरासरी १७.७ तास लागले, तर जोडीला प्रतिविष मिळालेल्यांना ८ तास. प्रकृती खालावणाऱ्यांची संख्या मात्र दोन्ही गटांत सारखीच होती. म्हणजे प्रतिविषाने सुधारणा लवकर होत असली, तरी ते हाताशी नसल्यास स्वस्त गोळीचे मोल तसूभरही कमी होत नाही.

वाशीसारख्या तालुक्यात हा निष्कर्ष विशेष महत्त्वाचा आहे, कारण मांत्रिकाकडे किंवा जखम कापण्यात गेलेला प्रत्येक तास हृदयाला महागात पडतो. प्राझोसिनमुळे रक्तदाब एकाएकी उतरू शकत असल्याने रुग्णाला आडवे ठेवून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ते द्यावे लागते. म्हणून गोळी आणि तिचा वापर जाणणारा डॉक्टर सर्वांत जवळच्या आरोग्य केंद्रातच असायला हवा.