शंभर डॉलरच्या संगणकाचा हिशेब

नोव्हेंबर २००५ मध्ये ट्युनिशियाची राजधानी ट्युनिस येथे माहिती समाजविषयक जागतिक शिखर परिषद भरली होती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, अर्थात एमआयटीच्या मीडिया लॅबचे एक संस्थापक निकोलस निग्रोपॉन्टी यांनी या परिषदेत एक हिरव्या रंगाचा, मुलांच्या दप्तरात सहज मावेल असा संगणक जगापुढे ठेवला. संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन सरचिटणीस कोफी अन्नान या वेळी उपस्थित होते. संगणकाच्या कडेला एक पिवळी मूठ होती. जेथे वीज नाही तेथे ही मूठ फिरवून मुलांनी तो चालवावा, अशी कल्पना होती. किंमत सांगण्यात आली होती १०० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे साडेचार हजार रुपये.

प्रात्यक्षिकाच्या वेळी ती मूठच निखळली, असे तेव्हाच्या वृत्तांतांत नमूद आहे. पुढे ती संगणकावरून काढून टाकण्यात आली, कारण ती फिरवताना पडणारा ताण यंत्राच्या सांगाड्याला सोसणारा नव्हता. प्रसंग लहानसा असला, तरी या संपूर्ण योजनेचे मर्म त्यात सापडते. एखादे यंत्र व्यासपीठावर दाखवणे ही एक गोष्ट झाली. तेच यंत्र लाखोंच्या संख्येने घडवून दूरच्या खेड्यातील मुलांच्या हाती वर्षानुवर्षे चालते ठेवणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे. गरीब देशांतील विद्यार्थ्यांसाठी स्वस्त संगणक बनवण्याच्या योजनांचा गेल्या दोन दशकांचा इतिहास या अंतराचाच इतिहास आहे.

किंमत कमी कशी होणार होती?

निग्रोपॉन्टी यांनी ही कल्पना जानेवारी २००५ मध्ये दाव्होस येथील जागतिक आर्थिक मंचावर मांडली आणि तिच्यासाठी ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’, म्हणजे ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ ही ना-नफा संस्था उभी राहिली. बाजारातील संगणकाच्या किमतीचा मोठा हिस्सा विक्री, जाहिरात, वितरण आणि नफा यांवर खर्च होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. सरकारने थेट कारखान्याकडून घाऊक खरेदी केली, तर हा हिस्सा वाचेल. संगणक प्रणाली मुक्त स्रोत असलेली वापरली, तर परवान्याचे शुल्कही वाचेल. उरलेली बचत यंत्राच्या रचनेतून साधायची होती.

ही रचना खरोखरच अभिनव होती. ‘एक्सओ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संगणकात फिरणारी हार्ड डिस्क नव्हती आणि पंखाही नव्हता. म्हणजे बिघडणारे दोन प्रमुख भाग मुळातच वगळले होते. माहिती साठवण्यासाठी १ गीगाबाइटची फ्लॅश मेमरी होती आणि ४३३ मेगाहर्ट्झ वेगाचा, फार थोडी वीज घेणारा प्रोसेसर होता. कळफलकावर रबराचे सलग आवरण होते, त्यामुळे धूळ आणि पाणी आत शिरत नसे. यंत्र उघडून मुलांना आणि शिक्षकांना दुरुस्ती करता यावी म्हणून मुठीच्या आत जादा स्क्रू ठेवलेले होते. इंटरनेटची जोडणी एकाच ठिकाणी असली, तरी जवळपासचे संगणक परस्परांना बिनतारी जोडून ती पुढे नेऊ शकतील, अशी सोय होती.

सर्वांत महत्त्वाचा भाग होता पडदा. लॅपटॉपमध्ये सर्वाधिक महाग आणि विजेची सर्वाधिक भूक असलेला भाग हाच असतो. मेरी लू जेप्सेन यांनी तयार केलेला साडेसात इंचांचा हा पडदा दोन प्रकारे चालत असे. खोलीत तो रंगीत दिसे, तर मागचा दिवा बंद करून उन्हात नेला की त्यावर कृष्णधवल अक्षरे स्वच्छ वाचता येत. ज्या शाळेचा वर्ग झाडाखाली भरतो, त्या शाळेचा विचार येथे झालेला होता.

दहा लाखांची अट

परंतु स्वस्त उत्पादनाचे गणित केवळ रचनेवर अवलंबून नसते, ते संख्येवर अवलंबून असते. पडदा, मेमरी किंवा खास बनवलेली चिप यांसाठी करावा लागणारा प्रारंभिक खर्च एक लाख यंत्रांवर विभागला तर प्रत्येकावर मोठा बोजा पडतो. तोच एक कोटी यंत्रांवर विभागला तर नगण्य ठरतो. म्हणूनच ५० लाख ते एक कोटी संगणकांची मागणी आगाऊ नोंदली गेल्यावरच उत्पादन सुरू करायचे आणि प्रत्येक देशाने किमान दहा लाख संगणक घ्यायचे, असे मूळ नियोजन होते. डिसेंबर २००५ मध्ये तैवानच्या क्वान्टा कॉम्प्युटर या कंपनीची उत्पादक म्हणून निवड झाली.

मागणी मात्र आश्वासनांच्या पलीकडे फारशी गेली नाही. थायलंडचे पंतप्रधान थाकसिन शिनावात्रा यांनी उत्साह दाखवला होता, पण सप्टेंबर २००६ मध्ये त्यांची सत्ता उलथली गेली आणि नव्या सरकारने योजना बाजूला ठेवली. नायजेरियातही २००७ मध्ये सत्तापालट झाल्यावर आधीच्या सरकारचा शब्द हवेत विरला. एका नेत्याच्या होकारावर कारखान्याचे वेळापत्रक आखता येत नाही, हा धडा येथे मिळाला.

संख्या घटली की किंमत वाढते. शिवाय २००७ मध्ये निकेल आणि सिलिकॉन महागले, चलनांचे दरही बदलले. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये जाहीर झालेली किंमत १८८ डॉलर होती. नोव्हेंबर २००७ मध्ये प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले, तेव्हा शंभर डॉलरचा संगणक नावापुरताच शंभराचा उरला होता. इंटेलने ‘क्लासमेट’ हा स्वतःचा शालेय संगणक आणून स्पर्धा उभी केली. जुलै २००७ मध्ये ही कंपनी योजनेत सहभागी झाली आणि जानेवारी २००८ मध्ये मतभेदांमुळे बाहेरही पडली. दरम्यान तैवानच्याच असूस कंपनीचा छोटा आणि स्वस्त लॅपटॉप खुल्या बाजारात दाखल झाला होता. स्वस्त, लहान संगणकाला गिऱ्हाईक आहे हे एकदा उमगल्यावर मोठ्या कंपन्यांनीही तो मार्ग धरला.

भारताचा नकार आणि भारताचे प्रयोग

भारताने या योजनेत सहभागी व्हावे, असे प्रयत्न झाले होते. तथापि जुलै २००६ मध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने त्याला नकार दिला. या साधनाचा शैक्षणिक उपयोग सिद्ध झालेला नाही आणि वर्गखोल्या व शिक्षक यांची निकड अधिक आहे, अशी मंत्रालयाची भूमिका होती. त्यानंतरही एक छोटा प्रयोग महाराष्ट्रात झाला. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळील खैराट या वस्तीच्या शाळेत २००७ मध्ये मुलांना हे हिरवे संगणक देण्यात आले. एक्सओसाठी देवनागरी कळफलकही तयार झाला होता.

नकार देणाऱ्या भारताला या विषयाचा स्वतःचा अनुभवही होता. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सिम्प्युटर’ हा हातात मावणारा संगणक घडवला होता आणि २००१ मध्ये त्याचे पहिले नमुने लोकांपुढे आले होते. एकच यंत्र गावातील अनेकांनी वापरावे आणि प्रत्येकाने आपली माहिती स्वतःच्या स्मार्ट कार्डावर ठेवावी, ही त्यामागील कल्पना दूरदृष्टीची होती. परंतु २००४ मध्ये तो बाजारात आला तेव्हा सर्वांत साध्या नमुन्याचीही किंमत दहा हजार रुपयांच्या घरात होती. विक्री काही हजारांवरच थांबली. संख्या नाही म्हणून किंमत उतरत नाही आणि किंमत उतरत नाही म्हणून संख्या वाढत नाही, या चक्रातून तो सुटला नाही.

५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी ‘आकाश’ या टॅब्लेटचे अनावरण केले. सरकार तो सुमारे २,२७६ रुपयांना खरेदी करणार होते आणि अनुदानामुळे विद्यार्थ्यांना तो याहूनही स्वस्त मिळणार होता. जगातील सर्वांत स्वस्त टॅब्लेट म्हणून त्याची वाखाणणी झाली. परंतु त्याचा वेग, बॅटरी आणि स्पर्शाला मंद प्रतिसाद देणारा पडदा यांविषयी तक्रारी आल्या, पुरवठाही रखडला. पुढे या प्रकल्पाची सूत्रे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेकडे आली. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी अधिक सक्षम ‘आकाश-२’चे अनावरण राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते झाले. मुंबईच्या संस्थेने अभियांत्रिकी महाविद्यालयांतील अध्यापकांना हे साधन हाताळण्याचे प्रशिक्षण देण्यावर भर दिला. यंत्राइतकेच ते शिकवणाऱ्या माणसाकडेही लक्ष दिले गेले, हे त्यातील उल्लेखनीय पाऊल होय.

उरुग्वे आणि पेरू

या कहाणीत दक्षिण अमेरिकेतील दोन देशांची तुलना विशेष बोधप्रद आहे. उरुग्वेने २००७ मध्ये ‘प्लॅन सेइबाल’ ही राष्ट्रीय योजना हाती घेतली. प्रारंभ व्हिया कार्दाल या छोट्या गावातील शाळेपासून झाला. ऑक्टोबर २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळांतील सुमारे ३ लाख ६२ हजार मुलांना आणि १८ हजार शिक्षकांना संगणक मिळाले होते. देशातील सर्व सरकारी प्राथमिक शाळांत प्रत्येक मुलाला संगणक देणारा हा जगातील पहिला देश ठरला.

येथे किंमत मांडण्याची पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. उरुग्वेने यंत्र, दुरुस्ती, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि इंटरनेट जोडणी हे सारे एकत्र धरून प्रत्येक मुलामागे २६० डॉलर खर्च सांगितला. त्यानंतर योजना चालू ठेवण्यासाठी दर वर्षी प्रत्येकी २१ डॉलर लागतील, असेही मांडले. यंत्र पाच वर्षे टिकते असे धरले, तर उरलेल्या चार वर्षांचे ८४ डॉलर मिळवून एकूण खर्च ३४४ डॉलर होतो. व्यासपीठावरील शंभर डॉलर आणि वर्गातील साडेतीनशे डॉलर, असा हा फरक आहे.

पेरूने याहून अधिक संगणक घेतले आणि ते डोंगराळ, दुर्गम गावांपर्यंत नेले. तेथील ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास करून आंतर-अमेरिकी विकास बँकेने २०१२ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. दर विद्यार्थ्यामागे संगणकांचे प्रमाण ०.१२ वरून १.१८ वर गेले होते, पण गणित आणि भाषा या विषयांतील गुणांवर परिणाम झाल्याचा पुरावा मिळाला नाही. आकलनाच्या सर्वसाधारण कौशल्यांत मात्र काही सुधारणा आढळली. बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हते आणि शिक्षकांना मिळालेले प्रशिक्षणही अपुरे होते.

उरुग्वेची व्यवस्था अधिक नेटकी होती, म्हणून तेथील गुण वाढले असतील, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथेही गणित आणि वाचन यांवर परिणाम दिसला नाही. उरुग्वेचे यश निराळ्या स्वरूपाचे आहे. श्रीमंत आणि गरीब घरांतील मुलांमधील संगणक व इंटरनेट यांची दरी त्याने कमी केली, आणि योजना चालवणारी संस्था टिकवून धरली. साधन पोहोचवणे आणि शिक्षण घडवणे या दोन स्वतंत्र जबाबदाऱ्या आहेत. पहिली पार पडली की दुसरी आपोआप पार पडते, हे गृहीतक मात्र चुकीचे ठरले.

राहून गेलेले रकाने

मग हा सारा खटाटोप व्यर्थ होता काय? तसे म्हणता येणार नाही. संगणक स्वस्त, लहान आणि काटकसरी असू शकतो हे या योजनेने उद्योगाला दाखवून दिले आणि सुमारे तीस लाख यंत्रे मुलांपर्यंत पोहोचवली. ज्या घरात संगणक नाही त्या घरातील मुलाचे काय होते, हे २०२० मध्ये करोनाच्या साथीत शाळा बंद झाल्यावर सर्वांनीच पाहिले. त्या मुलांची शाळा खऱ्या अर्थाने बंद झाली होती. त्यामुळे साधन असावे की नसावे, हा आता वादाचा मुद्दा उरलेला नाही.

वाद असायला हवा तो हिशेबाच्या रकान्यांवर. विद्यार्थ्यांसाठी संगणक वा टॅब्लेटच्या खरेदीची घोषणा होते, तेव्हा पहिला आकडा एका यंत्राच्या किमतीचा असतो. त्याच्या शेजारी आणखी काही रकाने हवेत. शाळेत वीज दिवसातून किती तास असते? बॅटरी दोन-तीन वर्षांनी निकामी झाली, तर नवी कोठून येणार? पडदा फुटल्यावर मुलाने यंत्र कोणाकडे न्यायचे आणि पैसे कोणी भरायचे? मुलाच्या भाषेत त्यावर वाचण्याजोगे काय आहे? आणि शिक्षकाला ते वापरण्यासाठी किती दिवसांचे प्रशिक्षण, किती वेळा मिळणार आहे? हे रकाने रिकामे राहिले, तर यंत्र कितीही स्वस्त असले तरी काही वर्षांतच ते शाळेच्या कपाटात बंद पडून राहते, आणि त्यावर खर्च झालेला पैसा मात्र त्याच मुलांच्या वाट्याचा असतो.