एक हजार चोवीस कप्पे

जलपायगुडी जिल्ह्यात, भूतानच्या सरहद्दीलगतच्या एका चहामळ्याचा व्यवस्थापक १८९७ साली आपल्या बिछान्यात गळा चिरलेल्या अवस्थेत सापडला. कागदपत्रांची पेटी उपसलेली होती, तिजोरी फोडलेली होती आणि काहीशे रुपये गायब झाले होते. संशयितांची वानवा नव्हती. व्यवस्थापक कामाला कडक, त्यामुळे मळ्यावरचे मजूर संशयात आले. स्वयंपाक्याच्या कपड्यांवर रक्ताचे डाग होते. एका बाईशी व्यवस्थापकाचे संबंध होते, तेव्हा तिचे नातेवाईकही आले. जवळच काबुली लोकांची टोळी तळ ठोकून होती. शिवाय कांगाली चरण नावाचा एक जुना नोकर होता. चोरीबद्दल याच व्यवस्थापकाने त्याला तुरुंगात धाडले होते आणि तो सुटून फार दिवस झाले नव्हते.

अशा तपासात त्या काळी सगळी भिस्त कबुलीजबाबावर असे. तो कसा मिळवला जाई, हे सरकारलाही ठाऊक होते. म्हणून तर पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही, असे १८७२च्या पुरावा कायद्यात स्पष्ट लिहावे लागले. पाच संशयित हाती असलेल्या फौजदाराने काय केले असते, याचा अंदाज करता येतो. इथे मात्र तपास वेगळ्या वाटेने गेला. पेटीतल्या कागदांत बंगालीत छापलेली, पुस्तकाच्या आकाराची एक दिनदर्शिका होती. तिच्या फिक्या निळ्या वेष्टनावर दोन पुसट तपकिरी डाग होते. भिंगाखाली धरल्यावर त्यांतल्या एकात बोटाच्या रेषा दिसल्या. दिनदर्शिका कलकत्त्याला गेली. ठसा कांगाली चरणच्या उजव्या अंगठ्याशी तंतोतंत जुळला. जुना शिक्षा झालेला कैदी म्हणून त्याच्या बोटांचे ठसे पोलिसांच्या दप्तरात होतेच. शेकडो मैल दूर, बीरभूम जिल्ह्यात त्याला पकडले. डाग सस्तन प्राण्याच्या रक्ताचे आहेत, असे रासायनिक परीक्षकाने सांगितले. स्वयंपाक्याच्या कपड्यांवरचे रक्त मालकाच्या जेवणासाठी कापलेल्या कबुतराचे निघाले आणि तो सुटला.

गुन्ह्यांच्या इतिहासात या खटल्याचे नाव येते ते या अंगठ्यामुळे. मला मात्र ओढ आहे ती ज्या दप्तरात तो अंगठा आधीपासून ठेवलेला होता त्या दप्तराची, म्हणजे रायटर्स बिल्डिंगमधल्या बोटांच्या ठशांच्या कार्यालयाची. त्याच वर्षी सुरू झालेले हे कार्यालय अशा प्रकारचे जगातले पहिले म्हणून ओळखले जाते.

बोटांच्या रेषा प्रत्येकाच्या निराळ्या असतात आणि त्या जन्मभर बदलत नाहीत, हे तोवर माहीत झाले होते. विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्याने १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून करारावर हाताच्या पंजाचा ठसा घेतला होता. पुढे हुगळीला असताना निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचे आणि दस्त नोंदवणाऱ्यांचे ठसे त्याने घ्यायला लावले, कारण मेलेल्या माणसाच्या नावावर दुसराच पेन्शन उचलून नेई. फ्रान्सिस गाल्टनने १८९२ साली या विषयावर पुस्तक लिहिले. त्याच वर्षी अर्जेंटिनातल्या नेकोचेआ गावी दोन मुलांच्या खुनाचा उलगडा चौकटीवरच्या रक्ताळलेल्या ठशावरून झाला. ठसा आईचाच निघाला आणि तिने कबुली दिली. त्यामागे हुआन वुचेतिच या तिथल्या पोलिस अधिकाऱ्याने बसवलेली स्वतंत्र पद्धत होती. तिचे श्रेय कलकत्त्याला देता येणार नाही.

खरी अडचण वेगळीच होती. समजा, पोलिसांनी एक चोर पकडला आणि त्याने खोटे नाव सांगितले. तो पूर्वी शिक्षा भोगलेला आहे का, हे हजारो कागदांतून शोधायचे कसे? नावावरून लावलेले दप्तर इथे निरुपयोगी ठरते. पॅरिसच्या बर्तियोंने शरीराची मापे घेऊन माणूस ओळखण्याची रीत काढली होती, आणि बंगालचा पोलिस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री याने ती आधी स्वीकारलीही होती. पण तोच हात दोन शिपायांनी मोजला की मापात फरक पडे. तो केवढा चालवून घ्यायचा, यावर सगळे अडे. ठशात मापणाऱ्याच्या हाताचा दोष येत नाही. प्रश्न उरला तो कागद लावण्याचा.

तो सोडवला काझी अझीझुल हक या तरुण फौजदाराने. हा खुलना जिल्ह्यातला, प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकलेला. त्याने बसवलेली रीत इतकी स्वच्छ आहे की ती इथे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बोटांवरच्या नक्षीचे ठळक प्रकार तीन: आपण ज्याला शंख म्हणतो तो, चक्र आणि कमान. शंख सर्वांत जास्त, साधारण साठ-पासष्ट टक्के; चक्रे तीस-पस्तीस; कमानी पाचेक. हकने फक्त एकच विचारले: या बोटावर चक्र आहे की नाही? दहा बोटांच्या पाच जोड्या केल्या आणि जोड्यांना क्रमाने १६, ८, ४, २ आणि १ असे मोल दिले. उजव्या अंगठ्यापासून मोजायला लागायचे, उजवी करंगळी झाली की डावा अंगठा. चक्र असेल तर त्या जोडीचे मोल मिळते, नसेल तर शून्य. सम क्रमांकाच्या बोटांची बेरीज वर, विषम क्रमांकाच्या बोटांची खाली, आणि शून्य उरू नये म्हणून दोन्हींत एक मिळवायचा.

उदाहरण घेऊ. एखाद्याच्या उजव्या अंगठ्यावर, उजव्या अनामिकेवर आणि डाव्या अंगठ्यावर चक्र आहे. अनामिका चौथे बोट, मोल ८. डावा अंगठा सहावे बोट, मोल ४. त्यात एक मिळवला की वर १३. उजवा अंगठा पहिले बोट, मोल १६. एक मिळवून खाली १७. हा माणूस १३/१७च्या कप्प्यात जाणार. त्याने नाव बदलले, दाढी वाढवली, जिल्हा बदलला, तरी तो तिथेच सापडणार. वर ३२ आकडे शक्य, खाली ३२. म्हणजे एकूण १०२४ कप्पे. ज्या कप्प्यांत गर्दी होई, तिथे शंखाच्या रेषा मोजून पोटविभाग पाडले जात. हेमचंद्र बोस हा दुसरा बंगाली अधिकारी. ठशांचे वर्णन तारेने कळवता यावे म्हणून त्याने सांकेतिक लिपी केली, आणि पुढे एकाच बोटाच्या ठशावरून शोध घेण्याची पद्धतही बसवली. तिची निकड जलपायगुडीनेच दाखवली होती. दहा बोटांच्या कप्प्यांत एकटा अंगठा घेऊन शोधता येत नाही. कांगाली चरण सापडला तो संशय आधीच त्याच्या नावावर गेलेला होता म्हणून.

शाईने ठसा घ्यायची कृती त्या काळापासून फारशी बदलली नाही. पाटीवर छापखान्याची काळी शाई रबरी रुळाने पातळ पसरायची. शाई जाड झाली की रेषांमधल्या खाचा बुजतात आणि कागद वाया जातो. घेणारा समोरच्या माणसाचे बोट स्वतःच्या बोटांत धरतो आणि नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हलकेच फिरवतो, म्हणजे शंखचक्राच्या कडेचे त्रिकोणही उमटतात. समोरच्याने बोट ताठ केले की ठसा फिसकटतो.

मार्च १८९७मध्ये सर्व्हेयर जनरल चार्ल्स स्ट्रॅहन आणि प्रेसिडेन्सी कॉलेजचे अलेक्झांडर पेडलर यांच्या समितीने या दप्तराची तपासणी केली आणि मापांपेक्षा ठसे सरस ठरवले. जूनमध्ये सरकारने मान्यता दिली.

कोर्टाने मात्र घाई केली नाही, आणि या सगळ्या कथेत मला सर्वांत आदर वाटतो तो या ठिकाणी. कांगाली चरणवरचा खटला १८९८ साली चालला. अंगठा त्याचा आहे, हे न्यायालयाने मानले आणि चोरीबद्दल शिक्षा दिली. पण खून करताना त्याला कोणी पाहिलेले नाही, म्हणून खुनाचा दोष त्याच्यावर ठेवला नाही. तो हात त्या पेटीत गेला होता, एवढेच अंगठा सांगतो. सुरी कुणी चालवली, हे तो सांगत नाही. एका अगदी नव्या शास्त्राची मर्यादा इतक्या लवकर ओळखणारे न्यायाधीश एका जिल्हा न्यायालयात होते. पुढच्याच वर्षी, १८९९ साली, पुरावा कायद्यात दुरुस्ती होऊन ठसेतज्ज्ञाचे मत ग्राह्य ठरले.

हेन्री १९०१ साली स्कॉटलंड यार्डात गेला आणि पद्धत सोबत घेऊन गेला. १९०५ साली लंडनच्या डेटफर्डमध्ये एका दुकानदार जोडप्याच्या खुनाबद्दल स्ट्रॅटन बंधू फासावर गेले, ते पैशांच्या डब्यावरच्या अंगठ्यामुळे. तिथल्या ज्यूरीने तेवढा संकोच केला नाही.

या दप्तराची एक काळी बाजूही आहे. १९११च्या गुन्हेगार जमाती कायद्याने नोंदलेल्या जमातीतल्या कुणाच्याही बोटांचे ठसे केव्हाही घेण्याचा अधिकार जिल्हा मॅजिस्ट्रेटला दिला. त्यासाठी गुन्हा घडावा लागत नव्हता. त्या जमातीत जन्म पुरेसा होता. आपल्याकडे सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, तारेच्या कुंपणाआड ठेवलेल्या कुटुंबांच्या वाट्याला हे आले. कायदा १९५२ साली गेला. तरी याच जमातींपैकी पारध्यांच्या पालांवर पोलिसांची पहिली धाड पडायची थांबली, असे म्हणवत नाही. गाल्टनने मोठ्या उमेदीने बोटांच्या रेषांत वंशाची आणि स्वभावाची चिन्हे शोधली होती, आणि काहीच हाती लागले नाही, असे त्यानेच लिहून ठेवले. म्हणजे ज्या बोटांचे ठसे घेऊन या लोकांना जन्मजात गुन्हेगार म्हणून नोंदवले, त्या बोटांवर तसे काही नव्हते, हे नोंदणाऱ्यांना वाचायला उपलब्ध होते.

आता कप्पे संगणकात गेले आहेत. देशभरातले ठसे एकत्र शोधणारी नॅफिस ही यंत्रणा २०२२पासून चालू आहे. तरी यंत्र मिळतेजुळते ठसे पुढे ठेवते आणि शेवटचा निवाडा तज्ज्ञाचा डोळाच करतो. तो डोळाही चुकतो. २००४च्या माद्रिदमधल्या रेल्वे बॉम्बस्फोटांनंतर अमेरिकेच्या एफबीआयने ओरेगॉनमधल्या एका निरपराध वकिलाला ठशावरून अटक केली होती. स्पॅनिश पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याचा असल्याचे दाखवल्यावर त्याला सोडावे लागले.

ही पद्धत जगभर ‘हेन्री पद्धत’ म्हणून शिकवली जाते. हेन्रीला ती आगगाडीत सुचली, कागद नव्हता म्हणून शर्टाच्या कफवर टिपली, अशी आख्यायिका आहे. मला ती पटत नाही. चक्रे किती बोटांवर येतात, कोणते कप्पे भरून वाहतात, हे हजारो कागद लावल्याशिवाय कळत नाही, आणि कागद लावणारे हात हकचे आणि बोसचे होते. हकने म्हातारपणी सरकारकडे दाद मागितली तेव्हा, १९२६ साली, हेन्रीने इंडिया ऑफिसला लेखी कळवले की आपल्या कचेरीत या कामाला सर्वांत मोठा हातभार हकचाच होता. हकला खानबहादूर ही पदवी मिळाली होती. तो निवृत्त होऊन मोतिहारीला राहिला आणि १९३५ साली तिथेच वारला. ब्रिटनच्या फिंगरप्रिंट सोसायटीने बऱ्याच वर्षांनी हक आणि बोस या दोघांच्या नावाने एक पारितोषिक ठेवले. पद्धतीचे नाव मात्र बदलले नाही.