गवत कापायची गाडी आणि अंगणातला काडीकचरा

मैत्रिणींनो, अमेरिकेला लेकीकडे नाहीतर मुलाकडे चार-सहा महिने राहून आलेल्या बायका आता आपल्या आळीतही भेटतात. त्यांना विचारा, तिकडे घर म्हणजे पुढे-मागे हिरवळ आलीच. घर शहराबाहेर असलं तर ती एकरभरही असते. एवढं गवत ढकलायच्या यंत्रानं कापायचं तर दिवस मोडेल. म्हणून बसून चालवायची गाडी घेतात. दिसायला अगदी छोटा ट्रॅक्टर! शनिवारी जावईबापू तिच्यावर बसतात, चार फेऱ्या होतात, आणि एकदम किंचाळल्यासारखा आवाज, जळक्या रबराचा वास. गाडी पळते, पण गवत काही कापलं जात नाही. मग "पट्टाच खराब निघाला" म्हणून नवा आणायचा. महिन्याभरात तोही जातो.

पट्ट्याला बोल लावण्याआधी आपली पिठाची गिरणी आठवा. तिथे मोटारीचं फिरणं पट्टा जात्यापर्यंत नेतो. इथे इंजिनाचं फिरणं पात्यांपर्यंत. पाती असतात गाडीच्या पोटाखाली, पालथ्या परातीसारख्या पत्र्याच्या आत. पट्टा आणि पुल्या त्या परातीच्या पाठीवर. आणि नेमकं तिथेच गवताचा चुरा, वाळकी पानं, काटक्या, ओकची बोंडं साठतात. एखादी काडी पट्टा आणि पुलीच्या मध्ये शिरली, की पट्टा खाचेतून उडालाच म्हणून समजा. पट्टा ताणून धरणारी एक पुली स्प्रिंगच्या जोरावर मागेपुढे सरकते. तिच्या सांध्यात चोथा बसला तर ती अडकते, पट्टा सैल राहतो, घसरतो, तापतो आणि त्याच्या कडा चकचकीत होतात. असा पट्टा पुन्हा नीट पकड घेत नाही. सुतळी किंवा नायलॉनची दोरी तर त्याहून वाईट. ती पात्याच्या आसाला गुंडाळते आणि बेअरिंगपर्यंत पोचते.

आता सर्वात महत्त्वाचं. अडकलेली काडी दिसली की हात आपोआप पुढे जातो. तो जाऊ देऊ नका, घरातल्या कुणाचाच! गाडी सपाट जागी उभी करून ब्रेक लावायचा, इंजिन बंद करायचं, किल्ली काढून खिशात टाकायची. पाती पूर्ण थांबू द्यायची, इंजिन निवू द्यायचं. स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला ठेवायची. गाडी बॅटरीची असेल तर पुस्तकात सांगितल्याप्रमाणे वीज तोडायची. जाड हातमोजे हवेत, आणि लोंबती ओढणी किंवा पदर नको. मग वरची झाकणं काढून काडीनं, ब्रशनं चोथा उकरायचा. ताणलेल्या स्प्रिंगपाशी बोटं सांभाळा.

पट्टा उतरवायचाच असेल तर आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण तो कुठल्या पुलीच्या कुठल्या बाजूनं जातो हे नंतर हमखास आठवत नाही. पट्टा निघाला की प्रत्येक पुली हातानं फिरवून पाहावी. खरखर लागली किंवा डगमगली, तर दोष बेअरिंगचा आहे; नवा पट्टा घालून पैसे फुकट जातील. आणि हो, पट्ट्याच्या बाजूला पाण्याची नळी सोडायचा मोह आवरा. ओला चोथा पिठल्याच्या खरवडीसारखा चिकटतो, बेअरिंगमध्ये पाणी जातं ते वेगळंच. इंजिनाच्या, सायलेन्सरच्या भोवतीचं वाळकं गवत मात्र दर वेळी झटकायलाच हवं. ते पेट घेतं.

आजोबांनी नातवाला मांडीवर घेऊन या गाडीची सैर घडवणं कौतुकाचं वाटतं खरं. पण ते कटाक्षानं टाळा. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं सांगणं आहे, की 16 वर्षांखालच्या मुलांनी ही गाडी चालवू नये आणि कुणालाही सोबत बसवू नये. गाडी मागे घेताना मागचं मूल दिसत नाही. गवत कापलं जात असताना मुलं घरातच बरी.

तुम्ही तिकडे गेलात तर तुमच्या हातचं एक काम आहे, तेही गाडी सुरू होण्याआधीचं. बादली घेऊन हिरवळीवरून एक चक्कर मारा. काटक्या, दगड, दोऱ्या, तारेचे तुकडे, नातवंडांची खेळणी सगळं उचला. सडा-सारवण केलेल्या आपल्या डोळ्यांना काडी लगेच दिसते! वादळी रात्रीनंतर दोन चकरा माराव्या लागतील. गवत ओलं असेल तर जावईबापूंना उन्हं वर येईपर्यंत चहाला बसवा, म्हणजे चोथा कमी चिकटेल. आणि पट्टा बदलायची वेळ आलीच, तर जुन्याशी लांबी जुळवून कुठलाही आणू नये. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या नंबराचाच मागवायला सांगा.