चाचणीत अडथळा आला, तर...

मज्जारज्जूचा स्टिम्युलेटर (वेदना कमी करण्यासाठी मज्जारज्जूला विजेचे सौम्य संकेत देणारे यंत्र) कायमचा बसवण्याआधी साधारण ५ ते ७ दिवसांची चाचणी होते. तारा पाठीच्या कण्यात, यंत्र मात्र बाहेर, कमरेच्या पट्ट्यावर. वेदना निम्म्याने तरी कमी झाली, तर चाचणी यशस्वी मानतात.

● मुंग्या भलत्याच जागी येतात? तार सरकली असू शकते. लगेच कळवा, प्रोग्रॅम बदलून अनेकदा आराम परत मिळतो.

● उताणे झोपताच मुंग्यांचा जोर वाढतो? त्या स्थितीत मज्जारज्जू तारेच्या जवळ येतो. झोपण्यापूर्वी यंत्राची तीव्रता कमी करा.

● जपा : वाकणे, कंबर पिळणे, जड उचलणे टाळा. जखम भिजू देऊ नका.

● वहीत नोंदवा : वेदना, झोप, चालणे, गोळ्या. टाक्यांचे दुखणे वेगळे लिहा. एका वाईट दिवसावरून निकाल लावू नका.

● तातडीने डॉक्टरांना गाठा : ताप, जखमेतून स्राव, उठून बसताच तीव्र डोकेदुखी, पायांत नवी अशक्तता, लघवीवरचा ताबा सुटणे.

आराम मिळालाच नाही, तर दोष तुमचा नाही. चाचणीच्या तारा सहसा सहज काढता येतात आणि निरुपयोगी ठरली असती अशी शस्त्रक्रिया टळते. हेही चाचणीचेच काम आहे.